गैरहजर मूल वर्गात परत आणताना: कोकणातल्या शाळांसाठी

महिनाअखेरीला कॅटलॉगची, म्हणजे हजेरीपटाची, बेरीज होते, वर्गाची सरासरी उपस्थिती 92 टक्के निघते आणि तो आकडा अहवालात गेला की काम संपल्यासारखं वाटतं. पण नेमकं तिथूनच ते सुरू करायला हवं. समजा, वर्गाचा पट 30 आणि कामाचे दिवस 24. म्हणजे एकूण 720 हजेऱ्या. त्यातल्या 57 गैरहजेऱ्या असल्या की सरासरी 92 येते. आता या 57 कोणाकोणाच्या आहेत ते बघा. चार मुलांच्या प्रत्येकी 10, म्हणजे 40, आणि उरलेल्या 26 मुलांच्या मिळून 17. वर्ग छान चाललाय, आणि चार मुलांचं शिक्षण हातातून निसटतंय. दोन्ही गोष्टी त्या एकाच 92 मध्ये आहेत. पुष्कळदा ही चार मुलं एकाच वाडीची असतात, हेही सरासरीत दिसत नाही.

म्हणून सरासरी काढल्यावर प्रत्येक मुलाच्या नावापुढे त्या महिन्यातले गैरहजर दिवस वेगळ्या वहीत उतरवा. कॅटलॉग हे सरकारी दप्तर आहे, त्यात जास्तीच्या खुणा नकोत. वही साधी दोनशे पानी चालते, एका मुलाला एक पान. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान 200 आणि सहावी ते आठवीला 220 दिवस शाळा भरायला हवी. त्यातले दहा टक्के दिवस बुडाले की मूल अभ्यासात मागे पडायला लागतं, हे धोक्याची खूण म्हणून धरा. दहा टक्के म्हणजे वर्षाला 20 ते 22 दिवस, महिन्याला जेमतेम दोन. दोन दिवस कोणाच्याच डोळ्यांवर येत नाहीत, तिथेच चूक होते. महिन्यात तीन दिवस झाले की पालकांशी बोलायचं, पाच झाले की घरी जायचं, असा नियम स्वतःला घालून घ्या. पट आठ-नऊचा असेल तर टक्केवारीच्या नादी लागू नका. आठात एक मूल आलं नाही की साडेबारा टक्के गेले, त्यातून काहीच कळत नाही. तिथे फक्त दिवस मोजा.

दिवसाबरोबर वारही लिहा. दर आठवड्याला बाजाराच्या दिवशीच दांडी पडत असेल तर आई बाजारात बसते आणि मूल घर सांभाळतं. दर सोमवारी पोट दुखत असेल तर गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे पुढे येऊ. खिचडीनंतरचा पटही एकदा मोजून बघा. सकाळी हजेरी लागली, जेवण झालं आणि मागच्या गडग्यावरून पोरगं पसार, असं आठवड्यातून दोनदा होत असेल तर कागदावरच्या पूर्ण हजेरीतलं अर्धं शिक्षण गेलेलंच असतं.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरतात तेव्हा, पद जाईल या धास्तीने न आलेल्या मुलाची हजेरी लावण्याचा मोह कमी पटाच्या शाळेत होतो. ती धास्ती खोटी नाही. पण ज्या दिवशी ती खोटी खूण पडते, त्या दिवशी ते मूल सगळ्यांच्या नजरेतून नाहीसं होतं. ना केंद्रप्रमुखांना कळतं, ना शाळाबाह्य मुलांसाठी काम करणाऱ्या बालरक्षकाला. पुढच्या सगळ्या उपायांचा पाया खरी हजेरी आहे.

पहिला फोन आणि घरची भेट

मूल आलं नाही तर अकराच्या आत घरी फोन गेला पाहिजे. चौकशी तिसऱ्या दिवशी केली की घरच्यांनी मनात उत्तर तयार केलेलं असतं. फोनवर पहिलं वाक्य तब्येतीचंच असावं: "वहिनी, बाबू दिसला नाही आज, बरा आहे ना?" यापुढे काही बोलू नका, ऐका. "काल जत्रेत नाटक होता, रातभर बघूक गेल्लो, अजून उठूक नाय" असं उत्तर आलं तर सिंधुदुर्गात जत्रेच्या दिवसांत त्यात नवल नाही. दुपारी पाठवा म्हणायचं, उशिरा आला तरी वर्गात घ्यायचं. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र गैरहजर मुलांची नावं टाकू नका. नाव वाचून वाडीत चर्चा होते, आई खजील होते आणि पुढच्या वेळी फोनच उचलत नाही.

घरी जायचं तर संध्याकाळी साडेपाच-सहानंतर, शेतावरून माणसं परतल्यावर. कोळीवाड्यात वेळ बंदरावरून ठरते. हर्णैसारख्या बंदरात लिलाव सकाळ-संध्याकाळ असतो, त्या वेळी घरात फक्त म्हातारी माणसं आणि पोरं सापडतील. जाताना एकटं किंवा फार तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका आईला घेऊन जा. चार-पाच माणसांचं शिष्टमंडळ अंगणात आलं की ते पकडायला आल्यासारखं वाटतं. पडवीत बसा, पाणी घ्या, आणि बोलता बोलता डोळ्यांनी बघा. दप्तर खुंटीला आहे की कुठे तरी वळचणीला? गणवेश दांडीवर ओला लोंबतोय का? घरात रांगणारं पोर आहे का आणि ते कोणाच्या कडेवर आहे? या तीन गोष्टी अर्धं कारण सांगून टाकतात.

नंतर विचारायचं ते "का येत नाही?" असं नाही. त्या प्रश्नाला "आळशी झालाय मेला" एवढंच उत्तर मिळतं. "सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत काय काय करतो?" असं विचारा. पाणी भरतो, गुरं सोडतो, धाकटीला आजीकडे पोचवतो, मग गाडी चुकते. अडलेली जागा अशी हाताला लागते. निघताना एकच गोष्ट ठरवून उठा, पाच नाही. "उद्या धाकटीला अंगणवाडीत सोडून ये, साडेदहा वाजले तरी चालेल", इतकी छोटी. "दाखला काढून न्या" हे वाक्य कधीही बोलू नका. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, कायदाच तसा आहे. आणि ज्याचं मन आधीच शाळेत नाही त्याचा बाप ते वाक्य खरं धरतो.

भेटीनंतर मुलाच्या पानावर कारण लिहा. सहा अक्षरं पुरतात: आ म्हणजे आजार, वा म्हणजे वाट किंवा गाडी, का म्हणजे घरचं काम, स म्हणजे सण-जत्रा, स्थ म्हणजे स्थलांतर आणि भी म्हणजे भीती किंवा नावड. तीन महिन्यांत पान उघडलं की वाडीवाडीचं चित्र दिसतं. 'वा' असलेल्या मुलाला समजावून काही होत नाही, त्याला साकव, म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, हवा असतो. आणि 'भी' असलेल्या मुलाला घरी जाऊन दटावलं तर ते आणखी दूर जातं. कारण चुकीचं धरलं की उपाय उलटतो.

पावसाळा

कोकणातली बरीचशी गैरहजेरी आधीच ठाऊक असते. जूनमध्ये शाळा उघडते आणि पंधरवड्यात लावणी सुरू होते. तरवा (भाताची रोपं) काढायला, त्याची मूठ पोचवायला, धाकट्यांना सांभाळायला घरात हात कमी पडतात. त्या दहा-बारा दिवसांत "शेती महत्त्वाची की शाळा" असा वाद घालू नका, दोन्ही महत्त्वाची आहेत. समितीच्या जूनच्या सभेत वाडीप्रमाणे लावणीचे दिवस विचारून घ्या. त्या आठवड्यात नवा धडा न घेता उजळणी ठेवा आणि "लावणीला मूल घरी ठेवायचंच असेल तर दोन दिवस, चार नको" असं आधीच बोलून ठेवा. आधी ठरलेले दोन दिवस पाळले जातात. न ठरलेले दोन दिवस आठ होतात.

गणवेश हे पावसातलं फार मोठं आणि न बोललं जाणारं कारण आहे. घरात एकच जोड, सोमवारी भिजला तो बुधवारी वाळतो. मंगळवारी मूल घरी. आई हे सांगणार नाही, ती "ताप होता" म्हणेल. समितीचा ठराव करून जुलै-ऑगस्टमध्ये साध्या कपड्यांत यायची मुभा द्या आणि ती प्रार्थनेच्या वेळी मोठ्याने सांगा. पुस्तकं शाळेतल्या कपाटात ठेवायची सोय करा, म्हणजे दप्तरात एक वही आणि डबा एवढंच राहतं.

पऱ्या (ओढा) आणि साकव हा जिवाचा प्रश्न आहे, तिथे हजेरीचा आग्रह धरू नका. साकवाच्या खांबावर लाल तैलरंगाची पट्टी मारून घ्या. पाणी पट्टीला लागलं की मुलं निघणार नाहीत आणि वाडीतला ठरलेला माणूस शाळेत फोन करेल, एवढी साधी रचना. त्या दिवसाच्या गैरहजेरीबद्दल मुलाला एक शब्दही बोलायचा नाही. शाळा लवकर सोडताना जास्त जपा. पाऊस वाढला म्हणून दुपारीच मुलं सोडली, तर वरच्या बाजूला पडलेलं पाणी खाली पोचायची आणि मुलं साकवावर पोचायची वेळ एकच होऊ शकते. पलीकडच्या काठावर मोठं माणूस उभं आहे हे फोनवर कळल्याशिवाय त्या वाडीची मुलं सोडू नका. चिखलातून अनवाणी येणाऱ्या मुलाला ताप आणि पोटऱ्या दुखत असतील तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) संशय धरून त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यायला सांगा, घरगुती उपायात दिवस घालवू नका.

गणपती, शिमगा आणि गाडी

सणांना शाळेची सुट्टी असतेच. अडचण सुट्टीच्या दोन्ही टोकांना होते. चाकरमान्यांबरोबर मूल मुंबईला जातं आणि आठ दिवसांनी येतं. सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक मुलाला "शाळा अमुक तारखेला, अमुक वारी" हे वहीत लिहून द्या आणि परतीच्या पहिल्या दिवशी मुलांना हवंसं काहीतरी ठेवा: खेळ, बागकाम, समुद्रावरची फेरी. गावच्या पालखीचे आणि जत्रेचे दिवस वर्षाच्या सुरुवातीला देवस्थानाकडून घेऊन मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या सुट्ट्या तिथेच वापरा. ज्या दिवशी निम्मा वर्ग येणारच नाही त्या दिवशी शाळा भरवून कोणाचाच फायदा नाही.

गणपतीनंतर एसटी चाकरमान्यांच्या जादा गाड्यांना जातात आणि गावच्या फेऱ्या रद्द होतात. हायस्कूलच्या मुलांचे तीन-चार दिवस तिथे जातात. यासाठी ऑगस्टमध्येच आगार व्यवस्थापकांना पत्र द्या. "मुलांची गैरसोय होते" एवढं मोघम लिहिलेलं पत्र फायलीत पडून राहतं. फेरीचं नाव आणि वेळ, शाळा भरायची आणि सुटायची वेळ, त्या फेरीवरचे पासधारक किती, त्यात मुली किती, आणि मागच्या वर्षी कोणत्या तारखांना फेरी आली नाही, एवढं एका पानात लिहा. सोबत मुलांची यादी आणि समितीचा ठराव जोडा, प्रत विभाग नियंत्रकांना. एका फेरीवर तीन शाळा अवलंबून असतील तर तिघांनी मिळून एकच पत्र द्यावं.

गाडीवरची गैरहजेरी पाचवी आणि आठवीत सुरू होते, कारण गावातली शाळा चौथीला किंवा सातवीला संपते आणि मूल पहिल्यांदा वाडीबाहेर पडतं. एप्रिलमध्येच, निकालाच्या आधी, पुढच्या शाळेच्या शिक्षकांशी गाठ घालून द्या आणि पासचे अर्ज जूनच्या पहिल्या आठवड्यात भरून घ्या. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. हे आजही काही घरांना ठाऊक नसतं आणि भाड्याच्या धाकाने मुलीची शाळा थांबते. मुलग्यांनाही सवलतीचा मासिक पास आहे.

स्थलांतर

रायगड-पालघरकडच्या कातकरी वाड्यांवर दिवाळीनंतर कुलपं लागतात. कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. कारण गरिबी आहे आणि तिचं रूप म्हणजे उचल. सणासाठी, आजारपणासाठी मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतलेले असतात, ते फेडायला सगळं घर जातं. आईबापाला शाळेचं महत्त्व सांगून ही उचल फिटत नाही, हे पक्कं लक्षात ठेवूनच बोलायला बसा.

काम दसऱ्यानंतर लगेच सुरू करायचं, दिवाळीनंतर उशीर झालेला असतो. वाडीवर जाऊन कोण जाणार, कुठल्या गावाच्या भट्टीवर, मुकादमाचा फोन काय, सोबत किती मुलं, ही यादी करा. यादी हातात आली की पहिला प्रश्न: मूल मागे राहू शकतं का? आजी-आजोबा गावी असतील तर मूल त्यांच्याकडे ठेवून हंगामी वसतिगृहातून जेवणाची सोय होऊ शकते. प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो आणि तो मंजूर व्हायला वेळ लागतो, म्हणूनच यादी लवकर हवी. आश्रमशाळा हा दुसरा मार्ग. पण सहा-सात वर्षांचं पोर आईपासून तोडून मागे ठेवायला आईची मनापासून तयारी नसेल तर जबरदस्ती करू नका. असं मूल आठवड्यात पळून भट्टीवर जातं, आणि मग त्या घराचा आपल्यावरचा विश्वासही जातो.

मूल जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड भरून पालकांच्या हातात द्या. मुलाची इयत्ता, त्याला काय येतं, काय बाकी आहे हे त्यावर खरं लिहा. कार्ड देऊन थांबू नका, भट्टीजवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना स्वतः फोन करा: "आमची तीन मुलं तुमच्या हद्दीत येताहेत." कार्ड पेटीत राहतं, फोन कामाला येतो. आपल्या पटावरून नाव कमी करू नका. दर महिन्याला मुकादमाच्या फोनवरून मुलाशी दोन मिनिटं बोला, बाई आपल्याला विसरल्या नाहीत हे त्याला कळू दे.

उलट बाजूही कोकणात मोठी आहे. चिरेखाणींवर कर्नाटकातली कुटुंबं येतात, आंबा बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं हंगामभर राहतात. अशी मुलं आपल्या हद्दीत दिसली की ती आपलीच. जन्माचा दाखला नाही, जुना शाळेचा दाखला आला नाही किंवा वर्ष अर्धं झालं, यातलं एकही कारण सांगून प्रवेश नाकारता येत नाही. वयाप्रमाणे इयत्ता द्यायची आणि मागचं भरून काढायला वेगळा वेळ द्यायचा. भाषेसाठी पहिल्या दिवशी एकच जोडीदार नेमा, त्याच वयाचा. चिरेखाणीवरचं मूल चार आठवड्यांत त्याच्याकडून जेवढं मराठी उचलतं तेवढं फळ्यावरून उचलत नाही. सलग एक महिना गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरलं जातं, त्यामुळे पंचविसाव्या दिवशी हालचाल करायची सवय नको, पाचव्या दिवशी हवी.

ज्याला यायचंच नाही

सोमवारी सकाळी पोट दुखतं, अकरा वाजले की थांबतं, रविवारी कधीच दुखत नाही. हे दुखणं खोटं नसतं. मुलाला खरंच कळ येते, पण तिचं मूळ शाळेत असतं. एकदा डॉक्टरांना दाखवून शरीराची शंका दूर करा आणि मग शाळेकडे बघा. सगळ्यांत जास्त सापडणारं कारण म्हणजे वाचता न येणं. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता येत नसेल तर त्याचा रोजचा दिवस अपमानाचा असतो. त्याला एकट्याला बाजूला बसवून छोटा उतारा वाचायला द्या, पाच मिनिटांत कळतं. दुसरं कारण वाटेवर किंवा गाडीत त्रास देणारी मोठी मुलं. तिसरं, मारणारे किंवा टोचून बोलणारे आपण स्वतः. कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी आहे, आणि ज्या वर्गात छडी आहे त्या वर्गाची गैरहजेरी घरभेटींनी कमी होत नाही.

मुलगी महिन्यातून ठरावीक दोन-तीन दिवस येत नसेल तर बाईंनी मैत्रिणीसारखं बोलावं आणि आधी शाळेचं स्वच्छतागृह बघावं: आतून लागणारी कडी, बादलीभर पाणी, झाकणाचा डबा आणि कपाटात पॅड. कडी तुटलेली असेल तर ती आजच्या आज बसवा.

मूल परत येतं तो पहिला दिवस नाजूक. "आले का साहेब!" या एका वाक्यावर पंधरा दिवसांची मेहनत वाहून जाते. फाटकाशी नाव घेऊन "ये रे" म्हणा, जागा नेहमीचीच ठेवा, कुठे होतास हे वर्गासमोर विचारू नका. बुडालेलं सगळं भरून घ्यायच्या मागे न लागता पुढचं समजायला लागतील त्या दोनच गोष्टी निवडा. गणितात हातच्याची वजाबाकी बुडाली असेल तर ती, बाकी मागाहून. शंभर टक्के हजेरीचं बक्षीसही आमच्या मते बंद करावं. त्यासाठी मूल तापात येतं, आणि जूनमध्ये एक दिवस चुकलेल्याला उरलेलं वर्ष त्यात रस नसतो. मागच्या महिन्यापेक्षा ज्याचे दिवस वाढले त्याचं कौतुक करा, म्हणजे त्या चार मुलांनाही त्यात जागा मिळते.

परतल्यावर सहा आठवडे पानावर लक्ष ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा एक दांडी पडतेच, त्या दिवशी फोन चुकवू नका.

काही पानांवर आपली ताकद पुरत नाही. मुलीचं लग्न ठरल्याची कुणकुण लागली तर ग्रामसेवकांना (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) कळवा, गावपातळीवर बालविवाह रोखण्याची जबाबदारी त्यांच्यावर आहे. मूल कामाला जुंपलं असेल किंवा घरात मारहाण होत असेल तर 1098 वर फोन करा. लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पोलिसांत कळवणं पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. तिथे घरच्यांशी मिटवामिटव करत बसायचं नाही.

आणि बदलीची ऑर्डर हातात आली की सामान बांधण्याआधी ती दोनशे पानी वही नव्या शिक्षकांच्या हातात द्या. प्रत्येक अडलेल्या मुलाच्या पानावर शेवटची ओळ अशी असू दे: कोणती वाडी, घरात कोणाशी बोलावं, कोणत्या वेळी माणसं भेटतात, आणि काय करून बघितल्यावर मूल आलं होतं.